मदत हवी आहे: नवऱ्याच्या वजनाशी तुलना कशी थांबवू?

नवरा आणि मी वजन कमी करायला एकत्रच सुरुवात केली. त्याचं भराभर उतरतंय, माझा काटा जागचा हलत नाही. पुरुषांच्या अंगात स्नायू जास्त, त्यामुळे बसल्याजागीही त्यांची ऊर्जा जास्त खर्च होते, हे कळतं. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून १-२ किलो जास्त दिसू शकतात, हेही कळतं. पण सकाळी तो काट्यावरून खुशीत उतरला की माझा व्यायामाचा उत्साहच मावळतो. खरं तर जिना चढताना आता धाप लागत नाही, जुनी जीन्स पुन्हा बसतेय. तरी मन आकड्यावरच अडतं!

वजनाऐवजी तुम्ही कशाची नोंद ठेवता? कंबरेचं माप, झोप, चालणं? आणि ‘तुझा आकडा मला सांगू नकोस’ हे त्याला न दुखावता कसं सांगू?