शब्दचर्चा : डिप्लॉयमेंट डायग्रामला मराठीत काय म्हणायचं?

फोंड्यातल्या एका पतसंस्थेच्या संचालकांना नवी सिस्टीम मराठीतून समजावायचीय, चित्रं तयार आहेत पण 'डिप्लॉयमेंट डायग्राम'वर अडलोय. 'उपयोजन' म्हणावं तर ते उपयोजित गणितासारखं वाटतं, 'स्थापना' म्हटलं की चवथ आठवते. सुचवा रे काहीतरी.

— तैनाती! जुन्या गोव्याच्या फेस्ताला पोलीस तैनात करतात तेव्हा कोण कुठे उभा राहणार तेच ठरतं ना, इथंही तसंच, कुठला प्रोग्राम कुठल्या मशीनवर.

— तैनाती म्हटलं की शाळेतली वेलस्लीची तैनाती फौज डोळ्यासमोर येते. सरळ 'मांडणी' म्हणा की.

— मांडणी फारच ढोबळ होतं हो, यूएमएलमधली, म्हणजे सॉफ्टवेअरचे आराखडे काढायच्या ठरलेल्या चित्रभाषेतली, सगळीच चित्रं कशाची ना कशाची मांडणी दाखवतात. कंपोनंट डायग्राम सांगतो की सॉफ्टवेअरचे तुकडे कुठले आणि ते एकमेकांवर कसे अवलंबून, आणि डिप्लॉयमेंट डायग्राम सांगतो की ते प्रत्यक्षात चालतात कुठे. ठोकळा काढला की तो नोड, म्हणजे प्रोग्राम चालण्याची जागा, दोन ठोकळ्यांमधली रेघ म्हणजे त्यांचं बोलणं कुठून चालतं ते, तिच्यावर कुठल्या पद्धतीनं बोलतात ते, एचटीटीपीएस, पोर्ट ४४३ असं लिहून टाकायचं. संचालक एकच विचारणार, पावसात सांखळी शाखेची लाईन गेली तर काय? त्याचं उत्तर याच चित्रात आहे, डेटाबेसचा ठोकळा एकच असेल आणि तो मुंबईच्या डेटा सेंटरात असेल तर शाखेचा व्यवहार थांबला, शाखेत छोटा सर्व्हर काढलेला असेल तर निदान त्यावर काय चालू राहील ते बोलता येतं. म्हणून मला तैनातीच पटतं, त्यात 'कुठे' आपोआप येतं.

— मग नोडला 'यंत्र' चालेल?

— नको. टॉमकॅट, म्हणजे जावातले वेब प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, हाही नोड धरतात, तो मशीनच्या ठोकळ्याच्या आत दुसरा ठोकळा म्हणून काढतात, त्याला यंत्र कसं म्हणणार. नोड राहू दे, बँकवाल्यांना सर्व्हर पचला तसा नोडही पचेल.

— एक भर घालतो. यूएमएल १ मध्ये कंपोनंट थेट नोडवर ठेवायचे, २००५ च्या यूएमएल २ पासून नोडवर बसतो तो आर्टिफॅक्ट, म्हणजे कंपोनंटचं प्रत्यक्ष रूप, जावा प्रोग्रामची वॉर फाईल, जार फाईल असलं काहीतरी. तेव्हा तैनाती त्याची. आणि कृपा करून त्याला 'कलाकृती' लिहू नका, म्युझियममध्ये आल्यासारखं वाटतं.

बरं, स्लाईडवर 'तैनाती आकृती' लिहितो, बोलताना डिप्लॉयमेंटच म्हणेन. आर्टिफॅक्टला 'फाईल' लिहिलं तर?

— अर्धवट होईल. डेटाबेसमधलं टेबलसुद्धा आर्टिफॅक्ट धरतात, आणि तुमच्या चित्रात खातेदारांची टेबलं असणारच.