मदत हवी: गो मध्ये फाईलचा शा-२५६ जुळतो पण स्ट्रिंगचा जुळत नाही

मंडळी, वाचनालयाच्या स्कॅन केलेल्या पीडीएफमधले डुप्लिकेट शोधायला गो या प्रोग्रामिंग भाषेत छोटंसं टूल लिहितोय, शा-२५६ ने प्रत्येक फाईलचा हॅश (बाइटवरून निघणारा ठरावीक लांबीचा ठसा) काढून. फाईलचं काम मस्त चाललंय, शा२५६.न्यू करतो आणि आयओ.कॉपीने फाईल त्यात सोडतो, ४ जीबीची असली तरी मेमरी वाढत नाही आणि लिनक्सच्या शा२५६सम कमांडशी तंतोतंत जुळतं. पण शीर्षकाचा हॅश यादीत की (नोंद शोधायची खूण) म्हणून वापरायचाय, तिथे घोळ आहे. सम२५६ फंक्शनला स्ट्रिंगचे (मजकुराचे) बाइट दिले की टर्मिनलवर एको कमांडने छापून शा२५६सम ला पाइप केलेल्याशी जुळत नाही, साध्या 'पुणे' ला पण नाही! वर 'शेतकऱ्यांसाठी' हे एकच शीर्षक दोनदा येतंय, हॅश वेगळे, बघायला काडीचा फरक नाही. एमडी५ ही दुसरी हॅश पद्धत वापरून बघू का?

प्रतिसाद १:
एको शेवटी न्यूलाइन चिकटवतं, तिचाही हॅश होतो. प्रिंटएफ वापरा, जुळेल. एमडी५ कशाला, बाइट वेगळे असतील तर तोही वेगळाच येणार, शिवाय त्याची कोलिजन (वेगळ्या डेटाला एकच हॅश) २००४ पासून माहीत आहेत, शा-१ या जुन्या पद्धतीची तर २०१७ ला गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संशोधन संस्थेने दोन पीडीएफ बनवूनच दाखवली. ती दोन्ही शीर्षकं पर्सेंट एक्सने (बाइट हेक्समध्ये) छापून बघा, काय दिसतं?

धागाकर्ता:
एकोवालं जुळलं, थँक्यू. छापल्यावर एकात ई०ए४बी१ आहे, दुसऱ्यात त्याच जागी ई०ए४बी० आणि लगेच ई०ए४बीसी. बाकी सगळं सेम.

प्रतिसाद २:
अरे हा ऱ चा नेहमीचा त्रास आहे भाऊ. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःचा कोड आहे, ०९३१, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट. पण साधा र आणि त्याखाली नुक्ता टाकला तरी दिसायला तोच ऱ, फक्त बाइट ६. युनिकोडच्या हिशोबात दोन्ही सारखेच, हॅशला मात्र त्याचं काही देणंघेणं नाही. गोच्या एक्स/टेक्स्ट मधलं नॉर्म पॅकेज घे, आधी एनएफसी कर (सारखी अक्षरं एकाच रूपात आणणं), मग हॅश. अजून एक भानगड: काही जुन्या मजकुरात र चा पाय मोडून पुढे झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असतो, तोही तसाच दिसतो आणि एनएफसी त्याला हात लावत नाही, तो रिप्लेस करून ऱ् करावा लागेल. हे सगळं फक्त शीर्षकांना हं, फाईलचे बाइट जसेच्या तसे राहू देत.