युक्रेनमधला फ्लॅट ‘बेवारस’ यादीत, रशियन दप्तरी नाव लावावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गुहागरहून लिहितेय. आंतरराष्ट्रीय कायद्यातलं कोणी इथे असेल तर कृपया वाचा, हातात वेळ कमी आहे.

माझा मामेभाऊ झापोरीझ्झ्याला एमबीबीएस करून तिकडेच राहिला. पुढे अझोव्ह समुद्रावरच्या बर्द्यान्स्कमध्ये फ्लॅट घेतला, उन्हाळ्यात पर्यटकांना भाड्याने द्यायला. पैसे मामाने आंब्याच्या बागेवर कर्ज काढून दिले, हप्ते अजून चालू आहेत. फेब्रुवारी 2022 मध्ये शहर रशियाच्या ताब्यात गेलं आणि भाऊ ‘ऑपरेशन गंगा’तून घरी आला. आता तिथल्या शेजारणीने दारावर चिकटवलेल्या कागदाचा फोटो पाठवलाय: मालकाने कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हावं, रशियन नोंदवहीत नाव लावावं, नाहीतर घर बेवारस धरून पालिकेकडे घेतलं जाईल. बंद घर म्हणजे बेवारस, हा न्याय लावला तर आमच्या वाडीतली निम्मी घरं गणपती-शिमगा सोडून वर्षभर बेवारसच ठरतील!

युद्धाच्या नियमांबद्दलच्या 1907 च्या हेग नियमावलीचं कलम 46 स्वच्छ सांगतं की व्याप्त प्रदेशात खासगी मालमत्ता जप्त करता येत नाही. मालक कुठल्या देशाचा, असा भेद त्यात नाही. पण ते बजावून कोण घेणार? रशियाने 2014 मध्ये घेतलेल्या क्रिमियात जमीनजुमला गेलेल्या युक्रेनियन कंपन्यांनी रशिया-युक्रेन गुंतवणूक कराराच्या (एका देशाच्या गुंतवणूकदाराला दुसऱ्या देशात संरक्षण देणाऱ्या कराराच्या) आधारे रशियाविरुद्ध लवाद जिंकले, 2018 मध्ये एकात सुमारे 15.9 कोटी डॉलर मंजूर झाले. भाऊ भारतीय. भारताने असे बरेच जुने करार 2017 च्या सुमारास संपवले, मात्र आधीच्या गुंतवणुकीला ते पुढे काही वर्षं लागू राहतात म्हणे. भारत-रशिया करार बर्द्यान्स्कला लावता येईल का? आणि एका फ्लॅटला कोणी ‘गुंतवणूक’ म्हणेल का?

दुसरा रस्ता युक्रेन युद्धातल्या नुकसानीचे दावे नोंदवणाऱ्या, हेगमधल्या नोंदवहीचा. युरोप परिषदेने 2023 मध्ये उभी केली, अर्ज युक्रेन सरकारच्या ‘दिया’ पोर्टलवरून होतात. तिथून लगेच पैसे मिळत नाहीत, दावा फक्त नोंदला जातो, तरी मला तोच भरवशाचा वाटतो. भावाकडे युक्रेनचा कर क्रमांक, निळ्या गोल शिक्क्याचं खरेदीखत आणि युक्रेनी नोंदवहीचा उतारा आहे. अडलंय ते डिजिटल सहीवर, तिची मुदत संपलीय. परदेशी माणसाला ती भारतात बसून नवी करता येते का?

सगळ्यात मोठा पेच मात्र नोंदणीचा. मामा म्हणतो, कोणाला तरी कुलमुखत्यारपत्र देऊन नाव लावून टाका, घर तरी वाचेल. मला भीती वाटते की त्याने रशियाचा ताबा मान्य केल्यासारखं होईल आणि उद्या युक्रेनमध्ये तेच अंगाशी येईल. नामिबियाबाबत 1971 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं होतं की दक्षिण आफ्रिकेची तिथली राजवट बेकायदा असली तरी जन्म, मृत्यू, विवाहाच्या नोंदी नाकारून रहिवाशांचं नुकसान करू नये. घराच्या नोंदीला हे लागू पडतं का?

कीवमधला किंवा इथला असं काम करणारा वकील माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कागदपत्रं स्कॅन करून तयार ठेवली आहेत.