मदत हवी आहे : एफएफएमपेगमध्ये वेग वाढवला की आवाज मागे पडतो

२ तासांच्या व्याख्यानाचा व्हिडिओ एफएफएमपेगने (कमांड देऊन व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर) १.२५ पट वेगाचा करायचाय. चित्राला सेटपीटीएस=पीटीएस/१.२५, आवाजाला एटेम्पो=१.२५ हे वेग बदलणारे फिल्टर लावले. आवाजाची पट्टी बदलत नाही, ऐकायला छान वाटतं. पण सुरुवातीला सगळं जुळतं आणि शेवटी शेवटी टाळी आधी दिसते, मग ऐकू येते. जवळजवळ सेकंदाचा फरक. मूळ फाइल दोन प्लेअरमध्ये तपासली, ती नीट आहे. मोबाइलची आहे, म्हणजे फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) स्थिर नाही.

जुना ४ कोअरचा लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड नाही. एक्स२६४ ला (व्हिडिओ एन्कोडर) व्हेरीफास्ट प्रीसेट (वेगवान एन्कोडिंगची तयार सेटिंग) दिल्यावर वेळ बराच वाचला, थ्रेड्स वाढवून काहीच नाही. फिल्टरमुळे कॉपी (पुन्हा एन्कोड न करता जसंच्या तसं घेणं) चालणार नाही, हे माहीत आहे.

फ्रेमरेट ३० वर स्थिर करणारा एफपीएस=३० फिल्टर सेटपीटीएसच्या आधी लावू की नंतर? की आवाजालाच एरिसॅम्पल=एसिंक=१ (आवाज वेळेशी जुळवणारा फिल्टर) द्यावं? दोनदा एन्कोड न करता एकाच कमांडमध्ये जमेल का?