डिझेल पंपाचं टायमिंग बघायला घरगुती डायल अ‍ॅडाप्टर बनवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी इंडिका, १.४ डिझेल, ४७५ आयडीआय इंजिन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये नाही, बाजूच्या चेंबरमध्ये फवारणारं). पंप बॉशचा व्हीई जातीचा, त्यावर अजून मायकोची (बॉशचं इथलं जुनं नाव) पाटी आहे. पंप गळत होता म्हणून उतरवून सील बदलून घेतले. तेव्हापासून सकाळी स्टार्ट केली की पांढरा धूर, तोही डोळ्यांना झोंबणारा. सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या काकू खिडकी लावून घेतात. घोडबंदरला गायमुखच्या चढावर तर तिसऱ्यातही ओढत नाही, मागचे टेम्पो हॉर्न मारून पुढे जातात. गरम झाल्यावर धूर जातो, पिकअप मात्र येत नाही.

गॅरेजवाल्याला विचारलं, टायमिंग (डिझेल नेमकं कधी फवारायचं ती वेळ) कशावर लावलं? म्हणाला, "साहेब, कानावर. वीस वर्षं असंच लावतोय." यावर काय बोलणार!

मी वाचलंय त्याप्रमाणे या पंपाच्या मागच्या डोक्यावर, चार पाइपांच्या मधोमध एक छोटा प्लग असतो. तो काढून तिथे डायल गेज बसवायचं आणि टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना, प्लंजर (पंपातला डिझेल दाबणारा दांडा) किती उचललाय ते मोजायचं. गेज आहे माझ्याकडे, ०-१० मि.मी., मि.मी.च्या एका शतांशापर्यंत मोजणारं, नागदेवी स्ट्रीटवरून घेतलेलं. हवाय तो गेज पंपावर धरून ठेवणारा अ‍ॅडाप्टर. तयार मिळतात, पण किटमध्ये दहा गाड्यांचे तुकडे येतात आणि आपलाच नसतो. वागळे इस्टेटमध्ये एक लेथवाले ओळखीचे आहेत, ड्रॉइंग दिलं तर तासाभरात करून देतील. म्हणून विचारतोय, आटे कुठले, दांडी कशाची करू, आणि पंप कुठल्या बाजूला वळवला की टायमिंग पुढे जातं? कानाने लावा असा सल्ला कृपया नको, तो मिळून झालाय.

– घोडबंदरकर

*

आधी हीटर प्लग (थंड इंजिन स्टार्ट करताना चेंबर तापवणारे) तपासलेत का? एक मेला तरी सकाळी असाच धूर येतो. वरची पट्टी काढा, १२ व्होल्टचा बल्ब घ्या, एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या टोकाला. बल्ब पेटला तर आतली तार शाबूत. चारही बघा. अर्थात चढावर न ओढण्याशी हीटरचा संबंध नाही, तेव्हा तुमचा संशय बरोबर असू शकतो. पण पंधरा मिनिटांचं काम आहे, करून टाका.

– ऐरोली सेक्टर आठ

*

आट्यांचं सांगतो. बहुतेक व्हीई पंपांना तिथे ८ मि.मी. बाय १ पिच असते, म्हणजे दोन आट्यांत १ मि.मी. अंतर, बारीक आटे. बाजारात ८ चा साधा बोल्ट मागितला की १.२५ पिचचा देतात, तो जोर लावून घुसवलात तर पंपाचं डोकं गेलं. खात्री करायची सोपी युक्ती आहे. स्पेअरच्या दुकानात ८ बाय १ चं ग्रीस निपल मागा, काही रुपयांत मिळतं. ते हाताने दोन-तीन आटे गेलं तर पिच जुळली. पाना लावू नका, कारण बऱ्याच निपलचे आटे निमुळते असतात, पुढे ते आवळतं.

अ‍ॅडाप्टर पितळी षटकोनी रॉडचा करा, पानाही बसतो आणि लेथवाला खूश असतो. एका टोकाला बाहेरून ८ बाय १ चे आटे, साधारण १० मि.मी. लांब. आरपार ३ मि.मी.चं भोक. दुसऱ्या टोकाला गेजची मान बसेल असं ८ मि.मी.चं बोअर, सैल नाही आणि ठोकूनही नाही. गेज धरायला लोक बाजूने ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) मारतात. मी तो कधीच मारत नाही. तो जरा जास्त आवळला की मान दबते, आतला स्पिंडल अडकत चालतो आणि रीडिंग खोटं येतं. त्यापेक्षा बोअरच्या तोंडाला हॅक्सॉने उभी चीर द्या आणि वरून पाइपाचा छोटा क्लिप आवळा.

अजून एक भोक, हे कुणी सांगत नाही. मानेच्या खाली, बाजूला २ मि.मी.चं. इंजिन फिरवताना डिझेल दांडीच्या कडेने वर चढतं आणि थेट गेजमध्ये जातं. भोक असेल तर बाहेर सांडेल. खाली फडकं ठेवा.

दांडीला सायकलच्या चाकाची तार उत्तम. २ मि.मी.ची असते, ३ च्या भोकात मोकळी फिरते. गेजचं टोक काढलं की आत २.५ चे आटे दिसतील. एक जुनं टोक घेऊन त्यात तार अ‍ॅरल्डाइटने बसवा, दुसरं टोक फाइल आणि पॉलिश पेपरने गोल करा. लांबी अंदाजे कापू नका. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने प्लगच्या तोंडापासून प्लंजरपर्यंतची खोली मोजा, मगच कापा. बसवल्यावर गेज दोन मि.मी. तरी दाबलेलं राहायला हवं.

स्वच्छता मात्र सर्जनसारखी. प्लंजर आणि बॅरलमधली फट काही मायक्रॉनची, पितळेचा एक कीस आत गेला तर पंप सरळ डिझेल लॅबला न्यावा लागेल. अ‍ॅडाप्टर केरोसीनमध्ये धुऊन, हवा मारून मगच लावा.

– आटेवाला, कळवा

*

कानाला उगाच नावं ठेवू नका. आम्ही तुर्भ्याला ट्रक कानावरच केले. थोडं थोडं पुढे न्यायचं, खडखड सुरू झाली की किंचित मागे घ्यायचं. गाड्या पुणे-सोलापूर करून यायच्या.

– जुना मिस्त्री

*

मिस्त्रीकाका, तुमच्या कानाबद्दल शंका नाही. पण खडखड फक्त टायमिंगची नसते ना. एखादं नोझल चिकटलं, स्प्रे नीट न पडता धार पडायला लागली, की त्याच आवाजात वाजतं. मग आपण टायमिंग मागे मागे घेत बसतो आणि आवाज जातो तो गाडीची ताकद घेऊनच. घोडबंदरकरांच्या गाडीत तसंच झालं असावं. झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आणि वर पिकअप नाही, म्हणजे टायमिंग मागे आहे. पुढे असतं तर थंडीत इंजिन खडखडलं असतं.

आता मोजण्याबद्दल. या पंपात चारही सिलिंडरना मिळून प्लंजर एकच. तो फिरतो आणि उंचवटे असलेल्या कॅम प्लेटमुळे पुढेमागेही होतो. पंपाच्या एका फेऱ्यात चार उचल, म्हणजे क्रँकच्या दर अर्ध्या फेरीला एक. म्हणून रीडिंगपुरतं पहिल्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन आहे की नाही हे शोधायची गरज नाही, टीडीसीची खूण जुळली की पुरे. पण मोजण्याआधी बेल्टच्या खुणा बघा. बेल्ट एक दात सरकलेला असेल तर पंप वळवून ते झाकू नका.

गाडी न्यूट्रलला, हीटर प्लग काढलेले, पुलीच्या बोल्टवर सॉकेट. पंपाला थंडीत टायमिंग पुढे नेणारा अ‍ॅडव्हान्स लिव्हर असेल तर तो पूर्ण सुटा हवा. इंजिन चालतं त्याच दिशेने हळू फिरवा. काटा उतरत उतरत एका ठिकाणी थांबेल आणि थोडा वेळ हलणारच नाही. तिथे डायल शून्यावर. आणि तसंच पुढे, टीडीसीच्या खुणेपर्यंत. जो आकडा येईल ती उचल. खूण ओलांडली तर उलटं आणून जुळवू नका, बेल्ट आणि दातांतला ढिलेपणा रीडिंगमध्ये येतो. अजून एक फेरी मारा.

खरी डोकेदुखी टीडीसीच आहे, अ‍ॅडाप्टर नाही. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७५, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७९.५ मि.मी. टीडीसीपाशी क्रँक एक अंश फिरला तर पिस्टन शतांशभरसुद्धा हलत नाही. त्यातून आयडीआय, हीटरचं भोक उघडतं ते बाजूच्या चेंबरमध्ये, तिथून काडी घालून पिस्टन लागणारच नाही. म्हणून खुणेवरच भिस्त. पुलीत रबर असेल तर ती सरकलेली असू शकते, फ्लायव्हीलची खूण जास्त विश्वासाची.

– मीटरपेटी

*

मनापासून आभार. हीटर चारही पेटले. ग्रीस निपल हाताने सहज गेलं, म्हणजे ८ बाय १ च. बेल्टच्या खुणाही जुळतात. ड्रॉइंग केलंय, लेथवाल्यांचं शुक्रवारी बंद असतं म्हणून शनिवारी जातोय. दोन प्रश्न राहिले. उचल किती हवी? परदेशी साइटवर एक मि.मी.च्या आसपासचे आकडे दिसतात. आणि पंप कुठे वळवायचा?

– घोडबंदरकर

*

ते आकडे दुसऱ्या इंजिनांचे, ते लावू नका. पंपाच्या पाटीवरचा पूर्ण नंबर उतरवून घ्या आणि बॉशच्या अधिकृत डिझेल सर्व्हिसवाल्याला विचारा, ते त्यावरून आकडा काढून देतात. तोपर्यंत आजचं रीडिंग लिहून ठेवा, आणि पंप व इंजिनच्या जोडावर पत्र्याच्या टोकाने एक बारीक ओरखडा मारा.

आपल्याच पंपाचं प्रमाणही काढता येतं. पुलीवर कागदाची पट्टी चिकटवा. परीघ ४४० मि.मी. भरला तर एक अंश म्हणजे १.२ मि.मी.ला थोडं जास्त. टीडीसीच्या दोन अंश अलीकडे आणि दोन अंश पलीकडे डायल वाचा, फरकाला चारने भागा. एका अंशाला किती शतांश ते कळलं की आंधळेपणाने वळवावं लागत नाही.

पंपाचा शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट बॉडी वळवली की टायमिंग पुढे जातं, त्याच दिशेने वळवली की मागे. रीडिंग कमी असेल तर उलट वळवा. आधी चारही पाइपांचे नट सैल करा, खालच्या होल्डरला दुसऱ्या पान्याने धरून, नाहीतर होल्डरच सुटतो. एका वेळी पाच शतांशापेक्षा जास्त नको. पंपाचे नट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना थोडं सरकतंच.

शेवटी प्लगला नवीन तांब्याचा वॉशर. हवा काढताना नोझलकडचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारायचा, पण बोट किंवा तळवा तिथे नेऊ नका. शंभर बारच्या वरची डिझेलची धार कातडीतून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. लागलंच तर घरी धुऊन बसू नका, तडक हॉस्पिटल.

– आटेवाला, कळवा

*

घोडबंदरकर, लेथवाल्यांना दोन करायला सांगा. माझ्या सुमोच्या पंपाला ८ बाय १ चं निपल आत्ताच लावून बघितलं, बसतंय. पितळेचे पैसे देतो.

– ऐरोली सेक्टर आठ