टिपवर टॅक्स नाही म्हणे, मग रोख टिप मालकिणीला सांगायची की नाही?

जेल_आणि_जर्सी:
मी न्यू जर्सीत एका नेल सलोनमध्ये चार दिवस काम करते, डब्ल्यू-२ वर, म्हणजे पगारी नोकरीत. नवरा एच-१बी व्हिसावर, मी एच-४ (त्यांच्या बायकोला मिळतो तो व्हिसा) च्या वर्क परमिटवर. पगार जेमतेम, घराला खरा हातभार टिपचाच. २०२५ मध्ये कार्डवरची टिप ६,२०० डॉलर झाली, ती पगाराच्या स्लिपवर दिसते. रोख मी रोज वहीत लिहिते: तारीख, किती मॅनिक्युअर, किती पेडिक्युअर, किती मिळाले. त्याची बेरीज ३,४००.

जुलैत टिपच्या टॅक्सचा तो नवा कायदा झाला तेव्हा मालकीण म्हणाली, "आता टिपवर टॅक्स नाही, रोख सांगत बसू नका." मी सांगणं थांबवलं. म्हणजे त्यातले १,९०० कुठेच नोंदलेले नाहीत. वर, सप्टेंबरपासून रविवारी दुसऱ्या सलोनमध्ये टेबल भाड्याने घेतलंय. रिटर्न भरायची वेळ आली आणि पोटात गोळा आलाय. १,९०० दाखवू का? सगळीच टिप माफ आहे का?

अकरा_वर्षं_नेल्समध्ये:
ताई, दाखवा. मालकिणीने अर्धंच ऐकलंय. टिप माफ झालेली नाही, तिची वजावट मिळते, तीही फक्त फेडरल इन्कम टॅक्सला. २०२५ ते २०२८, वर्षाला जास्तीत जास्त २५,०००. कोणत्या कामांना ही वजावट मिळते त्या सरकारी यादीत आपलं काम आहे. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के मात्र टिपवर पूर्वीसारखेच कापले जातात, आणि न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये टिप पूर्ण मोजतात.

महिन्याला २० डॉलर किंवा जास्त टिप मिळाली, तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला लेखी द्यायची, हा नियम तसाच आहे. खरं तर तुमच्या मालकिणीचाही यात फायदा आहे. टिपवर मालकाला जो सोशल सिक्युरिटीचा वाटा भरावा लागतो, त्याचं क्रेडिट आधी फक्त हॉटेलवाल्यांना मिळायचं, २०२५ पासून नेल सलोनलाही मिळतं. हे तिला नक्की सांगा, बिचारीला माहीत नसेल.

ब्रायडल ग्रुपच्या बिलात सलोन स्वतःच १८ टक्के लावत असेल, तर ती टिप धरत नाहीत. गिऱ्हाइकाने मनाने दिलेलीच चालते.

हिशोबाची_वही:
मी इथे टॅक्स रिटर्न्स भरते. तुमचे १,९०० फॉर्म ४१३७ वर (मालकाला न सांगितलेल्या टिपचा फॉर्म) दाखवा. त्यावर साधारण १४५ डॉलर भरावे लागतील. न सांगितल्याबद्दल त्या रकमेच्या निम्मा दंड लागू शकतो. मालकिणीने काय सांगितलं होतं ते लिहून जोडा, योग्य कारण पटलं तर दंड माफ होतो. एकदा ४१३७ वर आले की ते १,९००ही वजावटीत धरता येतात, म्हणजे एकूण ९,६००. २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर २,११२ डॉलर वाचतात.

दोन अटी पाहा. लग्न झालेल्यांना जॉइंट रिटर्नच भरावं लागतं, आणि दोघांचं मिळून उत्पन्न ३,००,००० च्या वर गेलं की वजावट हळूहळू कमी होते. नवऱ्याचा पगार इथे मोजला जातो. तुमचा एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) कामासाठी वैध आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही.

रविवारच्या टेबलाचं वेगळं. तिथे तुम्ही स्वतःच्या मालक, शेड्यूल सी (स्वतःच्या धंद्याच्या नफ्याचा फॉर्म) भरायचं. भाडं, जेल, लॅम्पचा खर्च वजा जाऊन जो नफा उरतो, त्यापेक्षा जास्त टिपची वजावट मिळत नाही. आणि टिप १०९९ च्या (पैसे देणारा तुम्हाला आणि सरकारला पाठवतो तो कागद) कुठल्यातरी फॉर्ममधल्या रकमेत आलेली हवी. कार्ड अ‍ॅपच्या १०९९-के ची फेडरल मर्यादा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार दोन्ही ओलांडण्याची आहे, पण न्यू जर्सीची मर्यादा फक्त १,००० डॉलर आहे. म्हणून तुम्हाला तो येणार का, ते अ‍ॅपला विचारा. तो कागद नसेल तर उत्पन्न दाखवा, वजावट धरू नका.

जेल_आणि_जर्सी:
तुमचे दोघींचे मनापासून आभार. रविवारच्या टिपचा नियम वाचून वाईट वाटलं, हात तेच, कामही तेच. काल रात्री वही उघडून जुलै ते डिसेंबर पुन्हा बेरीज केली, १,९४० निघाले. जानेवारीचे १८५ मालकिणीला लिहून दिले. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, तिने वहीच ठेवलेली नाही. तिला आज एक नवी आणून देतेय.