कंबोडियाला बॅग पाठीवर टाकून जायलोय, पण 'त्या' जागा बघाव्यात का?

गोदाकाठ_नांदेड:
राम राम मंडळी. मी अन् माझा एक दोस्त जानेवारीत कंबोडियाला जायलोय, १६ दिवस, हॉस्टेल, लोकल बस, जमेल तसं. फ्नोम पेन्ह, बट्टमबांग अन् शेवटी सिएम रीप. अंगकोरची जुनी देवळं तर बघायचीच, पण १९७५ ते ७९ मधी ख्मेर रूज ह्या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत जे हत्याकांड झालं त्या जागा पण बघायच्यात अन् तिथंच गाडी अडकली. मामा म्हणले, पैसे घालून लोकांच्या कवट्या बघायला चाललास का रे. चेष्टेत म्हणले पण डोक्यात बसलं. जाऊन आलेल्यांनी सांगा, तिथल्या लोकांना त्या काळाचं विचारलेलं चालतं का? अन् दोस्त प्युअर व्हेज आहे, त्याचं काय करू?

औसा_रोड:
२०१९ ला गेलतो. आधी दोस्ताचं सांगतो. तिकडं प्रहोक म्हणून आंबवलेल्या माशाची पेस्ट असती, ती कशात असंल सांगता येत नाही, नुसत्या भाजीला पण वास येतो. मोठ्या शहरात इंडियन हॉटेलं आहेत, बाकी ठिकाणी भात, फळं अन् घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. माझं चटणीवरच निघालं.

आता विचारायचं. मी किल्लारीजवळचा. ९३ च्या भूकंपात सात वर्षाचा होतो, आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, सगळे दमून झोपलेले, अन् पहाटे चारच्या आत गाव गेलं. नंतर मदतीला आलेले लोक खूप, त्यांचं उपकार फिटणार नाहीत, पण नुसतं बघायला येणाऱ्या गाड्या पण यायच्या. माझी चुलती ढिगाऱ्यापाशी बसलेली, एकानं जीपमधून उतरून विचारलं तुमचे किती गेले, ती म्हणली चार, तो अरेरे म्हणला अन् पुढच्या घराकडं गेला. ते 'चार' अजून कानात हाय माझ्या.

म्हणून मी तिकडं कुणालाच विचारलं नाही. चोएंग एकला, म्हणजे जिथं माणसं मारून पुरली त्या जागी जाताना, फ्नोम पेन्हपासून १५ एक किलोमीटर असंल, टुकटुकवाला साठीकडं झुकलेला. मी आत दोन तास, ऑडिओ गाइड कानाला, कुणी कुणाशी बोलत नाही. पावसाळ्यात मातीतून अजून हाडं, कपड्याच्या चिंध्या वर येतेत. बाहेर आलो तर गडी झोळीत पडलेला. उठून पहिला प्रश्न, भात खाल्लास का? आपल्याकडं जेवलाव का म्हणतेत तसंच आहे त्यांचं. मग एका टपरीवर जेवताना आपणहून बोलला, त्या काळात सगळ्यांना एकाच भटारखान्यातून पेज मिळायची, इतकी पातळ की शितं मोजता यायची. आई त्यातच गेली म्हणला. अन् लगेच, तुमच्याकडं ऊस किती भावानं जातो रे?

रानवारा_७१:
औसेकर, तुमचं दुःख मान्य, पण भूकंप अन् हे एका मापात घालू नका. भूकंप निसर्गाचा, हे माणसांनी माणसाला केलं. ७०-८० लाखाच्या देशात १५ ते २० लाख लोक गेले, ख्मेर रूजचा म्होरक्या पोल पॉट १९९८ ला आपल्या मौतीनं मेला, अन् जो कोर्ट बसवला तो २०२२ पर्यंत चालून शिक्षा झाली तिघांना. मारणारे अन् मार खाल्लेले एकाच गावात म्हातारे झाले. माझी आजी रझाकाराच्या काळातली. सप्टेंबर ४८ च्या आधी काही दिवस त्या लोकांनी ज्वारीत लपून काढले एवढंच माहिती, कारण विषय निघाला की ती निवडायला सूप घेऊन बसायची. आम्ही पण तिला त्रास नको म्हणून विचारलं नाही, अन् ती गेली. त्यामुळं माझं मत, विचारा. हो-नाही ते ठरवतील की.

झेडपी_मास्तर_उमरगा:
फ्नोम पेन्हमधलं तुओल स्लेंग चुकवू नका. ती आधी शाळा होती हो, एस-२१ म्हणून जेल केलं तिचं. मी पेशानं मास्तर त्यामुळं मला तेच दिसत राहिलं. वर्गात फरशी तीच, फळा तसाच, अन् मधी विटांच्या खोल्या पाडलेल्या, इतक्या अरुंद की पाय पसरता येऊ नयेत. व्हरांड्याला वरून खालपर्यंत काटेरी तार, कैद्यानं उडी टाकून मरू नये म्हणून! पोरांच्या व्यायामाचा खांब होता त्याला माणसं उलटी टांगायचे. अन् जेलचा प्रमुख दुच, हा आधी गणिताचा मास्तर. मी शेवटच्या इमारतीत गेलोच नाही, बाहेर चाफ्याखाली बसलो.

मामांना सांगा, त्या जागा त्यांच्याच लोकांनी जपल्यात, १९८० पासून म्युझियम आहे, शाळेची पोरं पण येतेत बघायला. फक्त हसत सेल्फी काढू नका, तशी पाटीच आहे तिथं.

बट्टमबांगकडं पायवाट सोडून शेतात शिरू नका, लाल कवटीचा बोर्ड म्हणजे भूसुरुंग. लई काढलेत पण संपले नाहीत.

गोदाकाठ_नांदेड:
सगळ्यांचे आभार. बँकॉकवरून बसनं बॉर्डर क्रॉस करायचा विचार होता, ते जमतं का?

औसा_रोड:
त्याच्या भरोशावर राहू नका. २०२५ च्या जुलैत दोन्ही देशांत गोळीबार झाला अन् बॉर्डर बंद केली, विमानानंच जा. डॉलर चालतात पण कोरे न्या, जरा फाटकी नोट असली की परत करतेत. सुट्टे रियल म्हणजे तिथल्या चलनात मिळतेत, साधारण चार हजाराला एक डॉलर.

गोदाकाठ_नांदेड:
ओके. अन् चटणी १६ दिवस टिकती का?

औसा_रोड:
लसूण कमी घाला, पाण्याचा हात लावू नका. माझी तर परत घरी आली होती अर्धा किलो.